शुगर कमी झाली तेव्हा यकृत काय करत होतं?

"डॉक्टर, माझी शुगर वाढलेली असते म्हणून तर मी गोळी घेतो. मग ती कमी होऊन मी पडेन कसा?"

वाचकहो, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. विचारणारा बहुतेक वेळा साठीचा असतो, खिशात गोळ्यांची पाकिटं असतात आणि सकाळचं जेवण दुपारी एकपर्यंत पुढे गेलेलं असतं. मी त्याला तपासणीच्या टेबलावर झोपवतो, उजव्या बरगड्यांखाली हात ठेवतो आणि म्हणतो, "दादा, तुमची शुगर कमी होऊ न देण्याचं काम रात्रंदिवस हा अवयव करतो. तुमची गोळी कधी कधी त्याचेच हात बांधून ठेवते." त्यावर तो "बरं" म्हणतो. त्याला काही पटलेलं नसतं, हे मलाही कळतं. ओपीडीत बाहेर वीस माणसं थांबलेली असताना यापुढचं सांगता येत नाही. म्हणून आज इथे सांगतो.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करावी लागेल.

लोणंद म्हटलं की बाहेरच्यांना कांदा आठवतो, नाहीतर ज्ञानोबारायांची पालखी. वाल्ह्याहून निघालेली पालखी नीरेला पोचते, पादुकांना नदीत स्नान घडतं, पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो आणि मग मुक्काम आमच्या गावात. त्या दिवसांत गावातला प्रत्येक डॉक्टर, मग तो कुठल्याही पॅथीचा असो, आपल्या परीने सेवा करतो. बहुतेक तक्रारी ठरलेल्या असतात. पायाला फोड, गुडघे, जुलाब, खोकला, चिखल्या. डॉक्टरकीपेक्षा मलमपट्टीच जास्त होते आणि त्यात एक वेगळं समाधान असतं.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पालखी येण्याच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास चार वारकऱ्यांनी एका मावशींना अक्षरशः उचलून माझ्या दवाखान्यात आणलं. वय साठीच्या आसपास, मराठवाड्यातल्या, सोबत मुलगा आणि सून. नीरेपासून चालताना मावशी आधी चिडचिड करू लागल्या, मग असंबद्ध बोलू लागल्या आणि रस्त्याच्या कडेला बसल्या त्या उठल्याच नाहीत. कोणी म्हणालं उन्हं लागली, कोणी म्हणालं अंगात आलं. एका भल्या गृहस्थाने कांदा फोडून नाकाला लावला होता. (कांद्याचं गाव, औषध हाताशीच.) अंगावरचं लुगडं घामाने चिंब, पण पावसाची भुरभुर चालू असल्याने तो घाम आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

ग्लुकोमीटरवर आकडा आला ३८.

शिरेतून २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज दिलं, शंभर मिली. पाच मिनिटांत मावशींनी डोळे उघडले, पदर सावरला आणि विचारलं, "माझी तुळस कुठंय?" ज्यांनी हे कधी पाहिलंय त्यांना माहीत आहे, वैद्यकात इतका झटपट चमत्कार दुसरा नाही. मुलगा माझ्या पाया पडला. मी त्यांना चहा-बिस्किटं दिली, मग दिंडीतून पिठलं-भाकरी आली, ती त्यांनी खाल्ली. तासाभराने शुगर १४० होती. गोळ्या पाहिल्या: ग्लिबेनक्लामाइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी, दिवसातून दोनदा. पहाटे चारला बिनसाखरेच्या चहाबरोबर घेतलेली. नंतर दुपारपर्यंत मूठभर चुरमुरे. "आता रात्रीची गोळी घेऊ नका, नीट जेवा," असं सांगून मी त्यांना सोडलं. दिंडीचा तंबू जवळच होता आणि संध्याकाळची समाजआरती त्यांना चुकवायची नव्हती.

रात्री तीनला दार वाजलं. मावशींना झटके येत होते. शुगर ४१.

ही दुसरी घसरण माझी. पहिली त्यांच्या गोळीची आणि उपाशी चालण्याची होती. दुसरी मी त्यांना सोडलं म्हणून झाली. पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, तरीही १४० हा आकडा पाहून मी निर्धास्त झालो. तो आकडा माझ्या डेक्स्ट्रोजचा आणि दिंडीच्या भाकरीचा होता. मावशींच्या यकृताने त्यात एक चमचाही भर घातली नव्हती, आणि ते मी तपासलंच नाही. तपासायला वेगळं यंत्र लागत नाही, थोडा विचार लागतो. तो विचार काय, ते आता सांगतो.

आपल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साखर किती असते? जेमतेम पाच ग्रॅम. एक चहाचा चमचा. एकटा मेंदू तासाला साधारण तेवढी साखर जाळतो, दिवसाला सुमारे १२० ग्रॅम. म्हणजे बाहेरून भर पडली नाही तर तासा-दोन तासांत आपण सगळेच मावशींसारखे रस्त्याच्या कडेला बसलो असतो. आपण बसत नाही, कारण दोन जेवणांच्या मधल्या वेळात यकृत रक्तात साखर सोडत राहतं. झोपेत, निवांत असताना तासाला सात-आठ ग्रॅम. चालायला लागलो की त्याच्या दुप्पट-तिप्पट.

ही साखर यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कणांची फांद्या-फांद्यांची माळ. चांगलं जेवण झाल्यावर निरोगी माणसाच्या यकृतात ती साधारण शंभर ग्रॅम असते. स्नायूंमध्ये त्याहून कितीतरी जास्त असते, पण ती स्नायूंच्या स्वतःपुरती. साखर पेशीबाहेर सोडायला जे शेवटचं एन्झाइम लागतं ते स्नायूंकडे नाही. तिजोरी मोठी, पण गावाच्या उपयोगाची नाही. मेंदूसाठी दार उघडतं ते यकृतच.

यकृतात साखर तयार होते ही गोष्ट क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवली, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा त्याला आळसातून म्हणा किंवा कामाच्या गर्दीतून म्हणा, सापडला. १८५५ साली एकाच यकृताच्या साखरेची मोजणी त्याला दोनदा करायची होती. वेळ नव्हता म्हणून दुसरी मोजणी त्याने दुसऱ्या दिवसावर ढकलली. दुसऱ्या दिवशी साखर आदल्या दिवसापेक्षा जास्त भरली! प्राणी मेलेला, यकृत टेबलावर पडलेलं, तरी साखर वाढते आहे. मग त्याने यकृतातून पाण्याची धार सोडून सगळी साखर धुऊन काढली आणि ते तसंच ठेवलं. काही तासांनी त्यात पुन्हा साखर. म्हणजे यकृतात साखरेचा असा काही साठा आहे जो पाण्याने धुऊन जात नाही आणि आपला आपण मोडत राहतो. १८५७ मध्ये त्याने तो पदार्थ वेगळा काढला आणि ग्लायकोजेन हे नाव रूढ झालं.

साठा कसा मोडतो, याचं रसायन पुढच्या शंभर वर्षांत उलगडलं. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ साली त्यासाठी नोबेल मिळालं. ग्लुकॅगॉन आणि अॅड्रेनॅलिन ही संप्रेरकं पेशीच्या दारावर थांबतात, आत जात नाहीत. आतला निरोप्या वेगळाच असतो, हे अर्ल सदरलँडने यकृताच्याच पेशींवर काम करून दाखवलं. त्या निरोप्याचं नाव सायक्लिक एएमपी, आणि सदरलँडचं नोबेल १९७१ चं. इथपर्यंतचं आम्ही एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला पाठ करतो. स्वादुपिंडातून ग्लुकॅगॉन निघतं, यकृतपेशीच्या दारावर टकटक करतं, आत सायक्लिक एएमपी वाढतं, एकामागून एक एन्झाइमं जागी होतात, शेवटी फॉस्फोरिलेज नावाचं एन्झाइम ग्लायकोजेनच्या माळेतला एकेक मणी सोडवू लागतं. आकृतीत एकच पेशी असते. चौकोनी, वर दार, खाली बाण.

आकृतीतली ही पेशी जगात एकटीच आहे, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

प्रत्यक्षात यकृत हे पेशींच्या रांगांचं बनलेलं आहे. सुमारे मिलिमीटरभर रुंदीचे, साधारण षटकोनी असे लाखो गट; कडेने रक्त आत येतं, मध्यभागातल्या बारीक शिरेतून बाहेर जातं. कडेपासून मध्यापर्यंत पंधरा-वीस पेशी एकीला एक लागून उभ्या. दोन शेजारणींच्या भिंतीत अतिशय बारीक नळ्या असतात. त्यांना गॅप जंक्शन म्हणतात. ही नळी कनेक्झिन नावाच्या प्रथिनाची. सहा तुकडे या पेशीचे, सहा त्या पेशीचे, समोरासमोर जुळले की आरपार वाट तयार. यकृतात मुख्यतः कनेक्झिन-३२ आणि थोडं कनेक्झिन-२६. वाट इतकी अरुंद की प्रथिनं, ग्लायकोजेन असलं मोठं सामान जाऊ शकत नाही. पण निरोप जातात. कॅल्शियम जातं, सायक्लिक एएमपी जातं, आयपी-३ नावाचा आणखी एक छोटा निरोप्या जातो. सामान आपापल्या घरात, बातमी मात्र सगळ्या वाड्यात, असा हा कारभार.

याने काय साधतं? इथे मला आमच्या पालखीतळावरची आरती आठवते.

तुम्ही समाजआरती पाहिली आहे का? संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. हजारो टाळ, शेकडो मृदंग, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही असा गजर. चोपदार हातातला दंड उंचावतो. आणि काही क्षणांत सगळं शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकून घेतली जाते. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावरून हे पाहायचो. मला कोडं पडायचं की मागे उभ्या असलेल्या माणसाला तर दंड दिसतच नाही, मग तो थांबतो कसा? नंतर कळलं. पुढचे दंड पाहून थांबतात, त्यांच्या मागचे पुढच्यांचे टाळ थांबले म्हणून थांबतात, त्यांच्या मागचे त्यांच्याकडे पाहून. शांतता पुढून मागे लाटेसारखी सरकते. प्रत्येकाला चोपदार दिसायची गरज नाही. शेजारी पुरे.

यकृतातही अशी लाट उठते, आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. वासोप्रेसिन हे संप्रेरक उंदराच्या यकृतात सोडलं की प्रत्येक गटातल्या मध्यशिरेजवळच्या पेशींत आधी कॅल्शियम वाढतं, कारण त्या पेशी वासोप्रेसिनला जास्त संवेदनशील असतात. तिथून ते एका पेशीतून शेजारच्या पेशीत असं कडेकडे सरकत जातं. कॅल्शियम वाढलं की ग्लायकोजेन मोडणाऱ्या एन्झाइमांची साखळी सुरू होते. फॉस्फोरिलेजला जागं करणाऱ्या एन्झाइमाचा एक भाग थेट कॅल्शियम ओळखणारा आहे. ज्या पेशीला स्वतःला संप्रेरक कमी ऐकू येतं, तिलाही शेजारणीमुळे कामाला लागता येतं.

हे नुसतं सुंदर दिसणारं चित्र आहे की खरंच त्याने साखर सुटते, याची परीक्षा १९९६ साली झाली. ज्या उंदरांत कनेक्झिन-३२ चं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांच्या यकृताकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक नसांना विजेने उत्तेजना दिली. नस तीच, संदेश तोच, ग्लायकोजेनही साठ्यात होतं. साखर मात्र नेहमीच्या उंदरांपेक्षा कमी सुटली.  कारण सरळ आहे. रक्त प्रत्येक पेशीच्या दाराशी जातं. उंदरात नसा मात्र गटाच्या कडेपर्यंतच पोचतात. पुढचा निरोप पेशींनी हातोहात न्यायचा असतो, आणि नळ्याच नसतील तर तो कडेलाच अडकतो.

माणसाच्या यकृतात नसांचे धागे गटाच्या आतपर्यंत गेलेले असतात, त्यामुळे आपलं सगळंच शेजारणींवर अवलंबून नाही. पण नळ्या आपल्याकडेही आहेत, कनेक्झिन-३२ आपल्याकडेही आहे. हेच प्रथिन आपल्या हातापायांच्या नसांवरच्या आवरणातही असतं, आणि त्याच्या जनुकात दोष असेल तर शार्को-मारी-टूथ या आजाराचा एक प्रकार होतो. पावलं अशक्त होतात, चाल बदलते. यकृताच्या पुस्तकातलं प्रथिन न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत भेटतं ते असं.

आता मावशींकडे परत येऊ.

निरोगी माणसाची शुगर उतरू लागते तेव्हा सगळ्यात पहिली गोष्ट काय होते, तर इन्सुलिन कमी होतं. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी आणि ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी शेजारी शेजारी राहतात. बीटा गप्प झाली की अल्फाला बोलायला वाव मिळतो. ग्लुकॅगॉन वाढतं, ते आणि घटलेलं इन्सुलिन एकाच रक्तवाहिनीतून थेट यकृतात जातात, आणि साखर सुटू लागते. तेवढ्याने भागलं नाही तर अॅड्रेनॅलिन येतं. घाम, थरथर, धडधड, पोटात आग पडल्यासारखी भूक, ही त्या वेळचीच लक्षणं. म्हणजे तो घाम आजार नाही. तो दंड उंचावलेला आहे.

ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या जातीच्या गोळ्या बीटा पेशीला इन्सुलिन सोडायला लावतात. रक्तात साखर आहे की नाही हे गोळी विचारत नाही. मावशी नीरेच्या पुलावर होत्या तेव्हा त्यांची साखर उतरत होती आणि तरीही इन्सुलिन निघतच होतं. बीटा गप्प होत नाही म्हणून अल्फा दबलेली. ग्लुकॅगॉन हवं तेवढं नाही. अॅड्रेनॅलिन आलं, घाम फुटला, पण यकृतपेशीच्या आत इन्सुलिन काय करतं पाहा: निरोप घेऊन आलेल्या सायक्लिक एएमपीला मोडून टाकणारं एन्झाइम ते जागं करतं, आणि फॉस्फोरिलेजला झोपवतं. निरोप येतो, शेजारीण शेजारणीला सांगतेही, पण प्रत्येक घरात तो पुसला जातो. शिवाय स्वादुपिंडातलं इन्सुलिन सगळ्यांत आधी यकृतातच जातं, त्यामुळे तिथे त्याचा जोर सगळ्यांत जास्त.

दाराला असं कुलूप, आणि आत साठाही थोडाच. आदल्या रात्री आठला जेवण, त्यानंतर चहा आणि चुरमुरे, आणि मैलोन्मैल चाल. दिवसभरात शंभर ग्रॅममधलं फारसं काही उरलेलं नसणार. उपवास वाढला की यकृत प्रथिनांच्या तुकड्यांतून, लॅक्टिक आम्लातून नवी साखर बनवतं, पण त्या कामालाही इन्सुलिन आडवं येतं.

मग मी दिलेल्या डेक्स्ट्रोजने काय झालं? २५ ग्रॅम साखर रक्तात गेली, मेंदू जागा झाला. पण शुगर वाढली की बीटा पेशी आणखी इन्सुलिन सोडते, आणि इथे तर तिच्यामागे गोळी उभी होती. ग्लिबेनक्लामाइडचा अंमल दिवसभर टिकतो. मूत्रपिंडं थकलेली असतील तर त्याहून जास्त. मावशींचं क्रिएटिनीन वाढलेलं होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. रात्रीची गोळी बंद करून काहीच फरक पडणार नव्हता; सकाळचीच अजून बोलत होती. अशा वेळी ग्लुकॅगॉनचं इंजेक्शनसुद्धा भरवशाचं नाही, कारण ते यकृताला साठा सोडायला सांगतं, आणि साठाच नसेल तर सांगून काय होणार?

संध्याकाळी १४० पाहिल्यावर मी स्वतःला हे विचारायला हवं होतं: ही साखर कोणाची? माझी की यकृताची? माझी असेल तर ती संपल्यावर पुढे कोण देणार?

रात्री सलाइन लावून, झटके थांबवून, रुग्णवाहिकेने मावशींना साताऱ्याला पाठवलं. मी सोबत गेलो. तिथे दीड दिवस डेक्स्ट्रोजचं सलाइन चालू ठेवावं लागलं. दर तासाला बोट टोचायचं, धार कमी केली की शुगर घसरायची. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती स्वतःच्या बळावर टिकू लागली. मेंदूला इजा झाली नाही हे नशीब. त्यांचं नाही, माझं.

त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात काही गोष्टी बदलल्या. या जातीच्या गोळीमुळे शुगर उतरून बेशुद्ध झालेला माणूस शुद्धीवर आला तरी मी त्याला त्या दिवशी घरी पाठवत नाही. तो भांडतो, नातेवाईक म्हणतात डॉक्टर बिल वाढवतोय. म्हणू देत. आणि वारीच्या आधी, श्रावणाच्या आधी, रमजानच्या आधी जे पेशंट येतात त्यांच्या गोळ्या मी स्वतः काढून पाहतो. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा शुगर खाली पडत नाही. ग्लिबेनक्लामाइड तर मी वयस्कर माणसाला देतच नाही. वयस्कर माणसांनी ते टाळावं असं आता मार्गदर्शक सूचनाही सांगतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाच्या किंवा लांब चालण्याच्या दिवशी डोस काय ठेवायचा ते आधी विचारून ठरवावं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं, हाही काही इलाज नव्हे.

तुमच्यापैकी कोणी या गोळ्या घेत असेल तर एवढं लक्षात ठेवा. अचानक घाम, हातांना कंप, कारण नसताना चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर आधी बसा आणि शुगर तपासा. यंत्र नसेल तर तपासल्याशिवायच साखर घ्या. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. मग भाकरी, पोळी, भात, जे असेल ते नीट खा, कारण साखर टिकत नाही. पेढा, चॉकलेट यांच्यात तूप-चरबी असते, साखर उशिरा चढते. घाईच्या वेळी त्यांचा उपयोग कमी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासनळीत जाईल. कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. बीटाब्लॉकर जातीची रक्तदाबाची गोळी चालू असेल तर धडधड आणि कंप जाणवणार नाहीत, घाम मात्र येईल. आणि ज्यांची शुगर वारंवार उतरते त्यांना हळूहळू काहीच जाणवेनासं होतं. दंड उंचावणारा हातच थकतो. अशा माणसाने "मला कळतं, मी सांभाळतो" म्हटलं तरी घरच्यांनी विश्वास ठेवू नये.

दारूबद्दल दोन वाक्यं. दारू यकृताला नवी साखर बनवू देत नाही. रिकाम्या पोटी दारू आणि वर ही गोळी, असा माणूस रात्री रस्त्यात पडलेला सापडला तर सगळे म्हणतात "प्यालाय, झोपू दे", आणि तो सकाळी उठत नाही. तोंडाला वास येत असला तरी बोट टोचून पाहायला दहा सेकंद लागतात.

मावशींना साताऱ्याहून सोडलं तेव्हा पालखी पुढे निघून गेली होती. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण चुकलं, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मुलाने गाडी करून त्यांना पुढच्या मुक्कामावर नेलं. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दुपारी ठेवून घ्यायला हवं होतं, हेही सांगितलं. तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली.

पुढच्या वर्षी आषाढी जवळ आली. पालखी गावात आली त्या दिवशी दुपारी पेशंट तपासत होतो, तर दारात मावशी. डोक्यावर तुळस, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. वेगळी गोळी होती, त्यांच्या डॉक्टरांनी बदललेली. मग कमरेची चंची सोडून दाखवली. पान-सुपारीच्या जागी साखरेच्या पुड्या होत्या, कागदात बांधलेल्या, एकेक पुडी तीन चमच्यांची.

"सूनबाई बांधून देते," म्हणाल्या. "दिंडीत दोघींना दिल्या मी यंदा. एकीला वाल्ह्याच्या अलीकडं, एकीला काल."

मी त्यांना बसा म्हटलं, शुगर बघतो म्हटलं. त्या म्हणाल्या, नको, जेवून आले, आता आरतीला उशीर होईल.